विसरलेली अक्षरे लवकर परत येतात

पाडव्याच्या आसपास नांदूरघाटच्या आणि केज तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये माणसे परत येऊ लागतात. दसरा-दिवाळीला कारखान्यावर गेलेल्या टोळ्या घरी येतात. पाच-सहा महिने बंद असलेल्या घराचे कुलूप निघते, झाडझूड होते, सारवण होते. अशा वेळी एखाद्या घरात पेटीच्या तळाशी एक वही सापडते. गेल्या पावसाळ्यात साक्षरता वर्गात किंवा नातीपुढे बसून गिरवलेली. बाई वही उघडते. 'क', 'म', 'ल' ओळखू येतात, पण जोडाक्षर आले की अडते. तेव्हा आपले नाव सलग लिहीत होती, आता हात थबकतो. ती वही मिटते आणि म्हणते, "जाऊ द्या, आता आपलं डोकं चालत नाही. हे पोरांचं काम हाय."

असे फक्त अक्षरांच्या बाबतीतच होते असे नाही. शिलाई मशीन शिकायला गेलेली सून चार दिवस दोरा तुटला की घरी बसते. मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकणारे काका एकदा चूक झाली की फोन मुलाच्या हातात देऊन मोकळे होतात. चाळिशीत दुचाकी शिकणारी आशाताई एकदा पडली की गाडीला हात लावत नाही. प्रत्येकाचे म्हणणे एकच असते: "आता या वयात काय जमणार?"

या पानावर आपण एरवी ताप, रक्तदाब, साखर, बाळंतपण यांबद्दल बोलतो. आज शिकताना खचणाऱ्या मनाबद्दल बोलू. कारण मोठ्या वयात शिकणे सुटते, तेव्हा बहुतेक वेळा दोष डोक्याचा नसतो. डोळे, रक्त, झोप, लाज आणि मध्ये पडलेला खंड ही त्याची खरी कारणे असतात. या प्रत्येकावर काही ना काही इलाज आहे.

हा प्रश्न आरोग्याचा का?

२०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी तिने केली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. त्या सुमारास देशभराचे प्रमाण शंभरात तिनाच्या आसपास होते.

या शस्त्रक्रियांमागे गरिबी होती, कामाचा खाडा परवडत नसल्याचा धाक होता, कॅन्सरची भीती होती. बाईला वाचता येत नव्हते म्हणून हे घडले, असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे होईल. वाचता येणाऱ्या बायकांचीही फसगत होते. पण एक गोष्ट खरी आहे. प्रत्येक शस्त्रक्रियेआधी एक संमतीपत्र असते. त्यावर सही किंवा अंगठा घेतला जातो. जिला त्या कागदावरचे 'गर्भाशय' आणि 'संमती' हे दोन शब्द वाचता येतात, ती निदान विचारू शकते, "डॉक्टर, पिशवीच काढणार का? गोळ्यांनी बरं होणार नाही का? मी दुसऱ्या डॉक्टरला दाखवून येते." आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे आणि दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. हक्क मागायला अक्षर लागतेच असे नाही, पण अक्षराने आवाजाला बळ येते.

गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत, लेकराच्या लसीकरण कार्डावरची तारीख, साखरेच्या रिपोर्टमधला आकडा, मुकादमाने लिहिलेली उचल, हे सगळे वाचता येणे म्हणजे औषधाइतकेच उपयोगी साधन हातात असणे. म्हणून ती वही मिटली जाते, तेव्हा घराचे नुकसान होते.

वय आडवे येते का?

थोडे येते, पण आपण समजतो तितके नाही. वय वाढते तसा शिकण्याचा वेग कमी होतो, नवीन नाव किंवा आकडा लक्षात राहायला जास्त वेळ लागतो. पण शिकण्याची ताकद संपत नाही.

लखनौजवळच्या खेड्यांतल्या, कधीच शाळेत न गेलेल्या तिशीच्या आसपासच्या लोकांचा एक अभ्यास झाला. त्यात बहुतेक महिलाच होत्या. त्यांना सहा महिने हिंदी वाचायला-लिहायला शिकवले. लिपी आपलीच, देवनागरी. शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. सहा महिन्यांत त्या साधारण पहिलीच्या मुलाइतके वाचू लागल्या आणि मेंदूच्या कामकाजातही फरक दिसला. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेतात, चुलीपुढे राबणाऱ्या मोठ्या माणसाचा मेंदूही अक्षर घेतो आणि त्यासाठी स्वतःला बदलतो.

दुसरे उदाहरण लंडनच्या टॅक्सीवाल्यांचे. तिथे परवान्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात आणि त्याला तीन-चार वर्षे जातात. शिकाऊ चालकांच्या मेंदूची सुरुवातीला आणि शेवटी तपासणी केली. परीक्षा पास झालेल्यांच्या मेंदूतला, जागा आणि रस्ते लक्षात ठेवणारा भाग वाढलेला आढळला. हे सगळे मोठ्या वयाचे लोक होते. अभ्यासातल्या ७९ शिकाऊ चालकांपैकी निम्म्याच लोकांना शेवटी परवाना मिळाला, हेही सांगायला हवे. शिकणे कोणालाच सोपे नसते, मग तो लंडनचा असो की नांदूरघाटचा.

मोठ्या माणसाकडे लेकरापेक्षा एक गोष्ट जास्त असते, ती म्हणजे अर्थाची ओळख. पहिलीच्या मुलाला 'उचल', 'व्याज', 'पावती' हे शब्द वाचता आले तरी कळत नाहीत. तुम्हाला ते आधीच कळतात, फक्त त्यांचे चित्र ओळखायचे असते. म्हणून मोठ्या माणसाने 'कमळ', 'बदक' यांच्यावर फार दिवस न रेंगाळता लवकर आपल्या कामाच्या शब्दांकडे यावे.

विसरणे म्हणजे पुसले जाणे नव्हे

आता त्या पेटीतल्या वहीकडे येऊ. सहा महिने वही उघडली नाही. अक्षरे गेली का?

एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने हा प्रश्न स्वतःवरच तपासला आणि १८८५ मध्ये त्याचे पुस्तक आले. अर्थ नसलेली अक्षरे तो पाठ करायचा आणि काही वेळाने किती आठवते ते पाहायचा. त्याला दोन गोष्टी आढळल्या. पहिली, शिकलेले आपण पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसांतच सगळ्यात जास्त विसरतो. दुसरी गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. जे पार विसरलो असे वाटते, तेच दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

शेतातल्या पायवाटेसारखे हे आहे. सहा महिने कोणी चालले नाही तर वाटेवर गवत उगवते, वाट दिसत नाही. पण खालची जमीन दबलेली असते. दोन-चार दिवस पुन्हा ये-जा झाली की वाट उघडी होते. नवी वाट पाडायला लागले तेवढे कष्ट आता लागत नाहीत.

म्हणून कारखान्यावरून आल्यावर पहिल्या दिवशी वाचता आले नाही, तर त्या दिवसाचा निकाल धरू नका. रोज थोडे असे दोन आठवडे बसा, मग पाहा. पुन्हा सुरू करताना अगदी 'अ आ इ'पासून करायचीही गरज नसते. जे पान शेवटी नीट येत होते, ते शोधा आणि तिथून धरा. पहिल्या पानापासून सुरू केले की कंटाळा येतो आणि 'आपण परत पहिलीत आलो' असे उगीच वाटते.

बाबासाहेबांचाही अभ्यास मोडला होता

बाबासाहेबांच्या पदव्या आपल्याला पाठ असतात. पण त्या पदव्यांच्या मध्ये पडलेला खंड आपण क्वचितच सांगतो.

१९१६ मध्ये ते लंडनला शिकायला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. त्यांचे सामान आणि पुस्तके नेणारी बोट महायुद्धात पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. परत आल्यावर बडोद्याला राहायला जागा मिळाली नाही. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तीन वर्षांचा खंड पडला होता. खंडाचे कारणही आपल्या ओळखीचेच होते, पैसा.

पुढेही सगळे सरळ झाले नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्त करायला परत पाठवला. तोपर्यंत हातातले पैसे संपत आले होते. त्यांनी मुंबईत येऊन तो सुधारला, परत पाठवला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. पुढे मोठ्या वयात ते पालीचा अभ्यास करत होते, पालीचा शब्दकोश तयार करत होते, व्हायोलिनही शिकले.

बाबासाहेबांची बुद्धी आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणेल. ते मान्य. पण अर्धवट राहिलेले पुन्हा धरायला बुद्धी लागत नाही. मोडले म्हणजे संपले असे न मानणे, एवढेच लागते.

आधी डोळे तपासा

आता शरीराकडे येऊ. चाळिशीनंतर शिकायला बसलेल्या माणसाने सगळ्यात आधी काय करावे? डोळे तपासावेत.

वयाच्या चाळिशीच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे धूसर दिसू लागते. जवळच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो ते यामुळेच. लांब माळावर चरणारी शेळी दिसते, पण सुईचे नाक दिसत नाही. पुस्तकातले अक्षर पुसट दिसते, रेघा हलतात, थोड्या वेळात डोके दुखते. बाईला वाटते, "आपल्याला अक्षर समजत नाही." खरे तर अक्षर दिसतच नसते.

घरी एक साधी परीक्षा करा. भर उजेडात गोळ्यांचे पाकीट नेहमी वाचायला धरतो तसे धरा. अक्षर स्पष्ट दिसण्यासाठी हात लांब न्यावा लागला, तर जवळचा चष्मा लागण्याची शक्यता आहे.

आसाममधल्या चहाच्या मळ्यात चाळिशीपुढच्या मजुरांवर एक अभ्यास झाला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अर्ध्या मजुरांना लगेच जवळचा चष्मा दिला, अर्ध्यांना नंतर. चष्मा मिळालेल्यांची चहाची तोडणी इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. पानावरचे काम चष्म्याने एवढे सुधारते, तर वहीवरचे का सुधारणार नाही?

चष्मा बाजारातून अंदाजाने उचलू नका. सरकारी रुग्णालयात किंवा नेत्र शिबिरात आधी तपासून घ्या. कारण धूसर दिसणे हे मोतीबिंदूचे किंवा वाढलेल्या साखरेचेही लक्षण असू शकते. एकाएकी कमी दिसू लागले, डोळ्यात वेदना झाल्या किंवा एकाच डोळ्याने दिसेनासे झाले, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

कानांचेही तसेच आहे. शिकवणाऱ्याचे बोलणे अर्धे ऐकू येत असेल, तर पुढे बसा आणि कान दाखवून घ्या. कधी नुसता मळ साचलेला असतो.

अंगात रक्त, डोळ्यांत झोप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. रक्त कमी असले की दम लागतो, डोके जड होते, लक्ष टिकत नाही. अशा बाईला दोन ओळी वाचून झोप येते आणि घरचे म्हणतात, "हिचं मन लागत नाही." तिचे मन लागते, अंगात रक्त नसते. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह अंगी कमी लागते. जेवणात लिंबू, आवळा घ्या. पाळी फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

दुसरी गोष्ट झोप. दिवसभर शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो. रात्री बारापर्यंत डोळे ताणून बसण्यापेक्षा वीस मिनिटे बसून वेळेवर झोपलेले बरे. शक्य असेल तर झोपण्याआधी दहा मिनिटे आणि पहाटे चहाच्या वेळी दहा मिनिटे, असे दोन तुकडे करा. एकदम दोन तास बसण्यापेक्षा असे थोडे थोडे, पण रोज केलेले जास्त टिकते.

लाज जाते सोबतीने

शरीर ठीक असले तरी एक अडचण राहते, ती लाजेची. नातवाच्या वयाच्या पोरीपुढे पाटी घेऊन बसायचे, चुकायचे, हसे होईल की काय असे वाटायचे. मोठ्या माणसाला चुकण्याची सवय राहिलेली नसते. घरात, शेतात तो जाणता असतो आणि इथे अडाणी ठरतो. हे टोचते.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली, एका धर्मादाय संस्थेची मदत मिळाली. गावात शिवजयंतीच्या वेळी वाचन चालले असताना म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालाही वाचता आले असते तर बरे झाले असते. तिथून ही कल्पना निघाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजीबाई गुलाबी साडी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत येऊ लागल्या. शिकवणारी गावातलीच एक सून होती आणि तिची सासूही वर्गात बसत होती. बँकेत अंगठा देणाऱ्या आजी सही करू लागल्या.

यात शिकण्यासारखे काय आहे? शाळा दुपारी ठेवली, घरकाम उरकल्यावर. सगळ्यांना एकच साडी, म्हणजे कोणी एकटी उठून दिसत नाही. सगळ्याच म्हाताऱ्या, सगळ्यांनाच विसर पडतो, मग लाजायचे कोणाला? एकटीने चोरून शिकणाऱ्या बाईला प्रत्येक चूक डोंगराएवढी वाटते. पाच जणी मिळून चुकल्या की हसून पुढे जातात.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्येच कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मोठ्या माणसाचे शिकणे त्याच्या कामाच्या वेळेशी जुळवून घेतले पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आपल्या वस्तीत विहार आहे, पौर्णिमेला सगळे जमतात. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी अर्धा तास तिथे पाच-सहा जणींनी वही घेऊन बसायला काय हरकत आहे?

घरातल्यांनी कसे बोलावे

शिकणाऱ्याचा उत्साह टिकवणे हे निम्मे घरच्यांच्या हातात असते. "एवढंही येत नाही?" हे वाक्य घरातून काढून टाका. "पोरगं बघा कसं पटापट वाचतं" हेही नको.

सुनेने सासूला म्हणावे, "आत्याबाई, काल ही ओळ अडली होती, आज तुम्ही न थांबता वाचली." म्हणजे नेमके काय सुधारले ते सांगावे. नुसते "छान, छान" म्हटले की मोठ्या माणसाला ते खोटे वाटते. चूक झाली तर हातातून पेन्सिल किंवा फोन काढून घेऊ नये. "थांबा, मी करून देतो" म्हणणारा लेक प्रेमानेच म्हणतो, पण त्यामुळे आईचे शिकणे तिथेच संपते. तिला उशीर लागू द्या. पुरुष शिकत असेल तर बायकोनेही त्याला चार लोकांत हसू नये. त्याची लाज कमी नसते, तो ती फक्त रागाने झाकतो.

आणि वेळ द्या. बाईला रोज वीस मिनिटे मोकळी मिळायची, तर त्या वेळात पाणी, चूल, लेकरू कोणी तरी दुसऱ्याने सांभाळले पाहिजे. नुसता उपदेश करून वेळ मिळत नाही.

लहान पायरी, रोजची खूण

"मला वाचायला शिकायचे आहे" ही इच्छा फार मोठी आहे. ती कधी पूर्ण झाली ते कळत नाही, म्हणून मन खचते. तिचे तुकडे करा.

वाचन: पहिल्या आठवड्यात आपले नाव, नवऱ्याचे किंवा बायकोचे नाव, गावाचे नाव. दुसऱ्या आठवड्यात रेशन कार्डावरचे पाच शब्द. तिसऱ्या आठवड्यात एसटीची पाटी: केज, बीड, अंबाजोगाई. चौथ्या आठवड्यात गोळ्यांच्या पाकिटावरचा महिना आणि साल.

शिलाई मशीन: पहिले काही दिवस सुईत दोरा न घालता जुन्या वहीच्या रेघांवरून मशीन चालवा. पाय आणि हात यांचा मेळ बसला की मगच दोरा. मशीन उलटे फिरले, दोरा तुटला, गुंता झाला, हे शिकताना प्रत्येकाचेच होते. आधी पिशवी, मग उशीचा अभ्रा, मग परकर. पहिल्याच महिन्यात ब्लाउजला हात घातला की कापडही वाया जाते आणि उमेदही.

मोबाईलवरून पैसे: पहिल्यांदा लेकाला एक रुपया पाठवा, मग दहा. शेजारी जाणते माणूस बसवा. एक नियम पक्का लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी "पैसे मिळतील, पिन टाका" म्हटले की फोन ठेवून द्या.

प्रत्येक दिवशी सराव झाला की दिनदर्शिकेवर एक टिंब करा. मध्ये दोन दिवस सुटले तर सुटू द्या, तिसरा सोडू नका. आणि वाचलेले पुन्हा पुन्हा नुसते पाहू नका. वही मिटा आणि आठवून लिहा, मग उघडून तपासा. आठवायला जो जोर लागतो, त्यानेच ते पक्के होते.

कारखान्यावर निघताना

खंड टाळता आला नाही तरी लहान करता येतो. वही पेटीच्या तळाशी टाकू नका, ती पिठाच्या डब्याजवळ ठेवा आणि सोबत न्या. कोपीवर दिवा आणि वेळ दोन्ही कमी असतात, हे खरे आहे. म्हणून तिथे नवा धडा नको. फक्त एक काम करा. रोज किती खेप झाली, किती वजन झाले, हातात किती पैसे आले, हे तारखेसह स्वतः लिहा. रोज एक ओळ. यात अंक राहतात, चार शब्द राहतात, आणि हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या हिशेबाशेजारी ठेवायला तुमचा स्वतःचा हिशेब असतो.

कुठे शिकायचे, कधी मदत घ्यायची

केंद्र सरकारचा 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. १५ वर्षांपुढचा, शाळा न शिकलेला कोणीही त्यात नाव घालू शकतो. शिकवणारे स्वयंसेवक असतात. तो विद्यार्थी असेल, शिक्षक असेल किंवा घरातलीच शिकलेली मुलगी असेल. वाचन, लेखन आणि आकडेमोड यांची परीक्षा होते आणि पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. परीक्षेत राहिले तरी काही बिघडत नाही, पुन्हा बसता येते.

कधी कधी मात्र न शिकण्यामागे वेगळे कारण असते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नाही, झोप उडाली आहे, भूक मेली आहे, सारखे रडू येते, जगणे नकोसे वाटते, असे असेल तर तो आळस नव्हे, ते आजारपण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. आरोग्य केंद्रात सांगा, किंवा १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. आधी मनावर उपचार, मग वही.

या हंगामात परत आलेल्या प्रत्येक घराला एवढीच विनंती आहे. पेटी उघडताना वही निघाली तर ती परत आत टाकू नका. शेवटचे जे पान येत होते ते काढा, उजेडात बसा, चाळिशी लागली असेल तर चष्मा लावा आणि शेजारणीला हाक मारा. पहिले दोन आठवडे अडखळाल. त्यानंतर अक्षरे ओळखीची होऊ लागतील, कारण ती तुम्ही एकदा कष्टाने मिळवलेली आहेत.

जय भीम.